हौशी रेडिओ सॉफ्टवेअरमधील सेटिंग्जचे जतन

हौशी रेडिओ सॉफ्टवेअरमधील सेटिंग्जचे जतन म्हणजे हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) केंद्रावरील संगणकात साठवलेली जुळणी, वारंवारतांच्या सारण्या, मॅक्रो, चॅनेल-याद्या आणि त्यांच्याशी संलग्न नोंदी नष्ट होऊ नयेत, किंवा नष्ट झाल्यास त्या परत उभ्या करता याव्यात, यासाठी केलेली व्यवस्था होय. 'सेटिंग्ज' हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात: पुन्हा भरता येणारी जुळणी, पुन्हा मिळवता न येणारी संपर्कांची नोंदवही आणि केंद्रचालकाची ओळख सिद्ध करणारी प्रमाणपत्रे. या तिन्ही बहुधा शेजारशेजारच्या फोल्डरांत असतात. त्यामुळे एक हरवली की उरलेल्याही तिच्याबरोबर जाण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

साठवलेली जुळणी हरवण्याचा प्रश्न संगणक केंद्रावर येण्याआधीपासूनचा आहे. १९८० च्या दशकातील सूक्ष्मप्रक्रियकावर चालणाऱ्या रेडिओ संचांत स्मृतीतील वारंवारता एका लहान लिथियम घटावर टिकून राहत. घट संपला की स्मृती कोरी होई, पण संच चालू राही. आयकॉम कंपनीच्या त्या काळातील काही संचांत, उदाहरणार्थ आयसी-७५१ आणि आयसी-आर७१ यांत, परिस्थिती अधिक नाजूक होती. तेथे संचाचा नियंत्रक प्रोग्रामच घटावर जगणाऱ्या स्मृतिपट्टीत ठेवलेला होता. घट पूर्ण उतरला तर संच वारंवारताही दाखवत नसे आणि तो प्रोग्राम पुन्हा भरल्याशिवाय चालत नसे. त्यामुळे जुन्या संचांच्या संग्राहकांत घट संपण्याआधी, तोही पट्टीचा वीजपुरवठा खंडित न करता, बदलण्याची प्रथा पडली. आजच्या संगणकीय केंद्राचा प्रश्न तत्त्वतः हाच आहे, फक्त घटाची जागा हार्ड डिस्कने आणि ऑपरेटिंग सिस्टिमने घेतली आहे.

२००१ साली अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी डब्ल्यूएसजेटी हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. टेलर हे १९९३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी आहेत. या प्रोग्रामच्या परंपरेतील डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि त्यात २०१७ साली आलेली एफटी८ ही संदेशपद्धत यांमुळे संगणक हा असंख्य केंद्रांवर संचाइतकाच आवश्यक घटक झाला. एफटी८ मध्ये प्रत्येक प्रक्षेपण १५ सेकंदांच्या खिडकीत बसवलेले असते, आणि संगणकाचे घड्याळ, ध्वनिपातळी व संचाचे नियंत्रण ही सर्व एकाच वेळी जुळलेली असावी लागतात. अशा केंद्रावर जुळणी गेली तर संच, अँटेना आणि परवाना सर्व जागेवर असूनही केंद्र मुके होते.

हे केवळ गैरसोयीपुरते नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा अंदमानात दूरसंपर्क मोहिमेसाठी गेलेल्या भारतीय हौशी रेडिओचालकांनी आपले केंद्र आपत्कालीन संदेशवहनासाठी वापरले होते. अशा प्रसंगी मेनू उघडून एकेक पर्याय शोधत बसण्यास वेळ नसतो.

जुळणीत काय साठवलेले असते

डिजिटल पद्धतीच्या प्रोग्रामात सर्वप्रथम केंद्राचे संकेतनाम आणि स्थाननिर्देशक असतो. पुणे शहराचा मेडनहेड स्थाननिर्देशक 'एमके६८' असा आहे. ही माहिती अर्ध्या मिनिटात पुन्हा भरता येते. कठीण असतो तो पुढचा भाग: संचाचे प्रारूप, सिरियल पोर्टचा क्रमांक, बॉड दर, प्रक्षेपण सुरू करण्याची पद्धत, ध्वनी आत आणि बाहेर नेणाऱ्या साधनांची नावे आणि प्रत्येक पट्ट्यासाठी ठरवलेली ध्वनिपातळी. ध्वनिपातळी जास्त झाली तर प्रक्षेपित संकेत विकृत होऊन शेजारच्या वारंवारतांवर पसरतो, कमी झाली तर तो पोहोचत नाही. योग्य पातळी प्रत्येक केंद्रावर निराळी असते आणि ती संचाचा मीटर पाहत, पट्ट्यागणिक, अनेक दिवसांच्या वापरातून ठरते. कोणत्याही पुस्तिकेत ती छापलेली नसते. म्हणूनच काही किलोबाइटच्या या फाईलचे मोल तिच्या आकारावरून लक्षात येत नाही.

फाईल कशी नष्ट होते

बहुतेक प्रोग्राम सुरू होताना जुळणीची फाईल वाचून घेतात, चालू असताना बदल संगणकाच्या स्मृतीत ठेवतात आणि बंद होताना ते डिस्कवर लिहितात. त्यामुळे वीज अचानक गेली तर त्या बैठकीत केलेले बदल जाऊ शकतात. यात फारशी हानी नाही. खरी हानी होते ती लिहिण्याच्या क्षणी वीज गेल्यास. जुनी फाईल आधी रिकामी करून तिच्यातच नवी माहिती लिहिण्याची पद्धत असेल, तर रिकामी करणे आणि लिहिणे यांच्या मधल्या काळात ना जुनी माहिती उरते ना नवी. पुढच्या वेळी प्रोग्राम शून्य बाइटची फाईल पाहतो, तिला नवीन स्थापना समजतो आणि वापरकर्त्याला संकेतनाम विचारतो.

२००९ साली लिनक्सवरील एक्स्ट४ ही तेव्हा नवी असलेली फाईल-प्रणाली वापरणाऱ्यांपैकी अनेकांना हाच अनुभव आला. संगणक अचानक बंद पडल्यावर डेस्कटॉपच्या जुळणीच्या फाईली शून्य बाइटच्या झालेल्या आढळत. त्यानंतर कर्नलच्या २.६.३० या आवृत्तीत त्यावर उपाय घालण्यात आला, आणि दोष फाईल-प्रणालीचा की निष्काळजीपणे लिहिणाऱ्या प्रोग्रामांचा, यावर बराच वाद झाला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी सुरक्षित रीत मात्र निर्विवाद आहे. नवी माहिती तात्पुरत्या नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहावी, ती डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच तिला जुन्या फाईलचे नाव द्यावे. नाव बदलण्याची क्रिया अखंड असल्यामुळे कोणत्याही क्षणी वीज गेली तरी जुनी किंवा नवी यांपैकी एक फाईल पूर्ण स्वरूपात शिल्लक राहते.

वापरकर्त्याच्या हातात असलेला उपाय याहून साधा आहे. नवी जुळणी समाधानकारक झाली की प्रोग्राम एकदा रीतसर बंद करून पुन्हा उघडावा, म्हणजे ती डिस्कवर उतरते. केंद्रावरील संगणकाला यूपीएस असणे हा खर्चाचा भाग असला, तरी जेथे वीज वारंवार जाते तेथे तो टाळण्याजोगा नाही. प्रोग्राम चालू असताना जुळणीची फाईल हाताने संपादित करणे निरर्थक ठरते, कारण बंद होताना प्रोग्राम स्वतःच्या स्मृतीतील माहिती तिच्यावर लिहितो.

हरवलेली वाटणारी जुळणी

'सेटिंग्ज गेल्या' अशा तक्रारींत फाईल अनेकदा सुरक्षितच असते. प्रोग्राम ती दुसऱ्या ठिकाणी शोधत असतो. याचे एक जुने कारण विंडोज व्हिस्टात आहे. तोपर्यंत अनेक प्रोग्राम आपली जुळणी 'प्रोग्राम फाईल्स' या फोल्डरात, स्वतःच्या शेजारीच ठेवत. २००७ च्या प्रारंभी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टाने सामान्य वापरकर्त्याला तेथे लिहिण्यास मज्जाव केला, मात्र जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून त्यांचे लेखन गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवले. परिणाम असा की एखाद्याने नव्या संगणकावर नेण्यासाठी 'प्रोग्राम फाईल्स'मधील फोल्डर प्रामाणिकपणे उचलला, तर त्याच्या हाती बरीच जुनी प्रत येई. तोच प्रोग्राम एकदा प्रशासकाच्या अधिकाराने चालवला तरी तो वेगळी फाईल वाचतो, आणि जुळणी एकाएकी बदलल्यासारखी दिसते.

आजचे प्रोग्राम बहुधा प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यातील 'ॲपडेटा' या फोल्डरात जुळणी ठेवतात. हा फोल्डर सहसा लपवलेला असतो. 'डॉक्युमेंट्स'ची प्रत काढून निश्चिंत झालेल्या वापरकर्त्याकडे म्हणूनच जुळणीची प्रत नसते. संगणकावर दुसऱ्या नावाचे खाते उघडले तर तेथे जुळणी कोरीच दिसते. विंडोजची नवी आवृत्ती चढवल्यानंतर जुने फोल्डर 'विंडोज.ओल्ड' येथे ठेवले जातात, परंतु साधारण दहा दिवसांनी ते आपोआप पुसले जातात. तेवढ्या मुदतीत शोध घेतल्यास पुष्कळ काही परत मिळू शकते.

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्यात फाईल जागेवर असते, वाचलीही जाते, पण तिच्यात लिहिलेली नावे आता कोणत्याही साधनाला लागू पडत नाहीत. संचाची यूएसबी तार एका खाचेतून काढून दुसरीत घातली की विंडोज तिला नवा पोर्ट क्रमांक देऊ शकते. 'कॉम३' चे 'कॉम७' होते आणि प्रोग्राम संच सापडत नसल्याचे सांगतो. ध्वनिसाधनांचेही तसेच आहे. अनेक संचांतील आणि जोडपेट्यांतील ध्वनिसाधन 'यूएसबी ऑडिओ कोडेक' या एकाच सर्वसाधारण नावाने दिसते, आणि प्रणालीच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर त्याच्या नावापुढे एखादा आकडा लागतो. प्रोग्रामच्या दृष्टीने ते वेगळे साधन असते. याला उपाय म्हणून विंडोजच्या ध्वनिविभागात प्रत्येक साधनाला स्वतःचे ओळखू येणारे नाव देतात आणि तारा नेहमी त्याच खाचेत लावतात. खाचेवर चिकटवलेली कागदाची चिठ्ठी येथे उत्तम काम करते. राखीव प्रत कितीही ताजी असली तरी या प्रकारात ती उपयोगी पडत नाही, कारण बिघाड फाईलमध्ये नसतोच.

डब्ल्यूएसजेटी-एक्समधील व्यवस्था

या प्रोग्रामची मुख्य जुळणी प्रोग्रामच्याच नावाच्या एका 'आयएनआय' प्रकारच्या साध्या मजकूर-फाईलमध्ये असते. विंडोजवर ती वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरातील 'लोकल' या उपफोल्डरात, डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या नावाच्या फोल्डरात सापडते, आणि तेथेच संपर्कांची नोंदही असते. लिनक्सवर व मॅकवर मात्र जुळणी एका फोल्डरात आणि नोंदी दुसऱ्यात असतात. विंडोजची सवय असलेल्यांकडून तेथे अर्धीच प्रत काढली जाण्याची शक्यता असते. प्रोग्रामच्या 'फाईल' मेनूत नोंदींचा फोल्डर उघडण्याची आज्ञा दिलेली आहे. मार्ग पाठ करण्यापेक्षा ती वापरणे सोयीचे असते.

त्या फोल्डरात 'ऑल' नावाची एक मजकूर-फाईलही असते. तिच्यात ऐकू आलेला प्रत्येक संदेश नोंदला जातो आणि काही वर्षांत ती फार मोठी होते. जुळणी परत उभारण्यास तिचा उपयोग नाही, पण राखीव प्रत तिच्यामुळे जड होते, आणि जड प्रत काढण्याचा कंटाळा केला जातो. तिला प्रतीतून वगळणे श्रेयस्कर. याउलट 'एडीआय' विस्तारनामाची नोंद-फाईल वगळता कामा नये. पूर्वी कोणत्या केंद्राशी संपर्क झाला आहे हे प्रोग्राम तिच्यावरूनच ओळखतो आणि पडद्यावर त्यानुसार रंग देतो. जुळणी परत आली पण ही फाईल आली नाही, तर प्रत्येक केंद्र नवे भासू लागते.

'कॉन्फिगरेशन्स' या मेनूतून एकाच प्रोग्रामात अनेक जुळण्या नावानिशी ठेवता येतात आणि चालू जुळणीची हुबेहूब प्रत करता येते. नवा प्रयोग करण्याआधी अशी प्रत करून ठेवणे हा सर्वांत स्वस्त बचाव होय. मात्र या सर्व जुळण्या त्याच एका फाईलमध्ये राहतात, ही गोष्ट विसरली जाते. फाईल गेली की मूळ जुळणी आणि तिची प्रत दोन्ही जातात. दोन संचांसाठी प्रोग्राम दोनदा चालवायचा असेल, तर शॉर्टकटमध्ये संचाचे नाव देणारा पर्याय लिहावा लागतो आणि त्या नावाने वेगळा फोल्डर तयार होतो. हा शॉर्टकट पुसला गेला आणि प्रोग्राम साध्या रीतीने उघडला, तर जुळणी नाहीशी झाल्यासारखी दिसते. वस्तुतः ती शेजारच्याच फोल्डरात असते.

इतर प्रोग्राम

एफएलडीजी हा प्रोग्राम आपली जुळणी, मॅक्रो आणि नोंदवही वापरकर्त्याच्या एकाच फोल्डरात ठेवतो. तो फोल्डर संपूर्ण उचलला तरी पुरते. त्यात बदललेली जुळणी जतन करण्याची स्वतंत्र आज्ञा आहे, ती दिली नाही आणि बंद होतानाच्या प्रश्नाला घाईने नकार दिला तर बदल जातात. स्पर्धांसाठी लोकप्रिय असलेला एन१एमएम लॉगर प्लस 'डॉक्युमेंट्स'मधील स्वतःच्या फोल्डरात एक आयएनआय फाईल आणि नोंदींसाठी एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस ठेवतो. प्रोग्राम चालू असताना अशा डेटाबेसची साधी प्रत काढणे जोखमीचे असते. काही नोंदी तेव्हा मुख्य फाईलबाहेरच्या सहायक फाईलमध्ये असू शकतात आणि प्रत अपुरी निघते. प्रोग्राम बंद करून प्रत काढावी, किंवा प्रोग्रामची स्वतःची निर्यात-आज्ञा वापरावी.

रास्पबेरी पायवर चालणाऱ्या केंद्रांत धोका एसडी कार्डाचा असतो. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास केवळ एक फाईल नव्हे, तर संपूर्ण कार्ड निकामी होऊ शकते. डिजिटल आवाजाच्या हॉटस्पॉटसाठी वापरली जाणारी पाय-स्टार ही प्रणाली म्हणूनच एरवी कार्ड केवळ वाचनासाठी खुले ठेवते आणि जुळणीची संकुचित प्रत उतरवून घेण्यासाठी स्वतंत्र पान देते.

संचातील चॅनेल-स्मृती

हातात धरायच्या संचांसाठी चर्प हा मुक्त प्रोग्राम मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. बाओफेंग यूव्ही-५आर या स्वस्त संचात १२८ चॅनेल असतात, आणि ते संचाच्या कळांवरून भरणे त्रासदायक असल्याने नवखे वापरकर्तेही चर्पकडे वळतात. येथे अनर्थ टाळणारा नियम एकच: संचात काहीही भरण्याआधी संचातील मूळ माहिती संगणकावर उतरवून घ्यावी आणि ती फाईल हात न लावता वेगळी ठेवावी. ही 'प्रतिमा' त्या विशिष्ट संचाच्या स्मृतीचे चित्र असते. तिच्यात चॅनेलांखेरीज संचाचे इतर पर्यायही असतात. मित्राच्या संचाची प्रतिमा बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या, पण निराळ्या फर्मवेअरच्या संचात भरणे म्हणूनच योग्य नाही. देवाणघेवाणीसाठी सीएसव्ही तक्ता बरा, कारण त्यात फक्त चॅनेल असतात. त्याच कारणाने तो पूर्ण राखीव प्रत ठरू शकत नाही.

आयकॉम आयसी-७३०० सारख्या टेबलावरील संचांत जुळणी एसडी कार्डावर साठवण्याची सोय असते. फर्मवेअर बदलण्याआधी ती वापरावी, कारण बदलानंतर काही पर्याय मूळ स्थितीत जाऊ शकतात.

नोंदवही आणि प्रमाणपत्रे

भारतात हौशी केंद्रांना लागू झालेल्या १९७८ च्या नियमांत संपर्कांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. बांधीव वही जाऊन संगणक आला तसा जबाबदारीचा भार एका फाईलवर आला. नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी १९९६ पासून एडीआयएफ हे सामाईक स्वरूप प्रचलित आहे. ते साध्या मजकुराचे असल्याने आजचा प्रोग्राम उद्या बंद पडला तरी नोंदी वाचता येतील. एखाद्या प्रोग्रामच्या खास डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्याने तिच्याबरोबर एडीआयएफ निर्यातही ठेवावी, ती याच कारणासाठी.

अमेरिकन रेडिओ रिले लीग (एआरआरएल) या संस्थेची 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' ही संपर्क पडताळण्याची सेवा २००३ पासून चालू आहे. तिच्यासाठी लागणारी खासगी कळ वापरकर्त्याच्या संगणकावरच, टीक्यूएसएल या प्रोग्रामात तयार होते. अर्ज केल्यानंतर आणि प्रमाणपत्र येण्यापूर्वी संगणक बदलला, तर आलेले प्रमाणपत्र नव्या संगणकावर निरुपयोगी ठरते, कारण त्याची जोडीदार कळ जुन्या संगणकावर राहिलेली असते. टीक्यूएसएलमध्ये कळा, प्रमाणपत्रे व केंद्रांची स्थाने एकत्र जतन करण्याची आज्ञा आहे. कळेला पासवर्ड दिला असेल तर तो प्रतीपासून वेगळा, पण नक्की सापडेल असा ठेवावा लागतो.

या सेवेवर चढवलेल्या नोंदी परत उतरवून घेता येतात, त्यामुळे काहींना ती आपल्या नोंदवहीची राखीव प्रत वाटते. तसे मानणे चूक आहे. पडताळणीला न लागणारे शेरे, समोरच्या चालकाचे नाव, हवामानाविषयीची टिपणे तेथे नसतात. शिवाय मे २०२४ मध्ये एआरआरएलच्या संगणकजालावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला तेव्हा ही सेवा जवळजवळ दीड महिना बंद होती आणि १ जुलै २०२४ रोजी पूर्ववत सुरू झाली. संस्थेने नंतर दहा लाख डॉलर खंडणी दिल्याचे जाहीर केले. सेवेतील नोंदी सुरक्षित राहिल्या, परंतु त्या काळात कोणालाही आपल्या नोंदी तेथून मिळवता आल्या नाहीत.

प्रत आणि परत-उभारणी

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला 'तीन-दोन-एक' हा नियम येथेही लागू पडतो: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर. हौशी रेडिओच्या बाबतीत घराबाहेरची प्रत विशेष महत्त्वाची आहे. अँटेनेच्या तारेतून आलेली वीज संच, संगणक आणि त्याला कायम जोडून ठेवलेली बाह्य डिस्क यांना एकाच क्षणी निकामी करू शकते.

वनड्राइव्हसारखी समक्रमण-सेवा ही राखीव प्रत नव्हे. केंद्रावरील फाईल बिघडली तर बिघडलेलीच फाईल मिनिटाभरात सर्वत्र पोहोचते. जुन्या आवृत्त्या काही काळ ठेवणारी सेवा असेल तरच तिचा आधार घेता येतो. त्यामुळे प्रत्येक प्रतीच्या फोल्डराला तारखेचे नाव देऊन निदान मागच्या तीन-चार प्रती ठेवतात. काही प्रोग्राम संकेतस्थळांचे पासवर्डही साध्या मजकुरात साठवतात, म्हणून जुळणीची फाईल मदतीसाठी दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी ती उघडून पाहणे आवश्यक असते.

प्रत चांगली निघाली की नाही हे ती परत बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. रिकाम्या दिवशी जुन्या संगणकावर, किंवा त्याच संगणकावरील दुसऱ्या खात्यात, प्रोग्राम नव्याने बसवावा, तो बंद असताना प्रतीतील फाईली योग्य जागी ठेवाव्यात आणि मग उघडून संपर्कांची संख्या मूळ संख्येशी ताडून पाहावी. पोर्टचे क्रमांक आणि ध्वनिसाधनांची नावे तेथे जुळणार नाहीत, हे गृहीतच असते. त्यासाठी मूळ प्रोग्राममधील जुळणीच्या प्रत्येक पानाचे पडद्यावरील चित्र घेऊन छापून ठेवणे हा उपाय अनेक जाणते चालक पसंत करतात. बॉड दर, प्रक्षेपणाची पद्धत आणि प्रत्येक पट्ट्याची ध्वनिपातळी लिहिलेला कागद संगणक सुरूच होत नसतानाही वाचता येतो.